आजींच्या खाली ४८ व्होल्ट

बडोद्याला हल्ली लग्नं मंगल कार्यालयात कमी आणि पार्टी प्लॉटवर जास्त होतात. पार्टी प्लॉट म्हणजे गावाबाहेरचं एक शेत, ज्यात हिरवळ पिकते आणि मार्गशीर्षात लग्नं कापणीला येतात. फाटक एका टोकाला, मांडव दुसऱ्या टोकाला, मध्ये कारंजं, पूल, सेल्फीसाठी मोराची पिसं. चालून दमणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी प्लॉटवाले गोल्फ कार्ट ठेवतात. बडोद्याला गोल्फचं अप्रूप नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातच प्रतापसिंहराव गायकवाडांनी युरोपियन पाहुण्यांसाठी मैदान करवून घेतलं होतं. पण आमच्या कार्टचा गोल्फशी संबंध नावापुरताच. छपराला झेंडूच्या माळा, दांड्यांना गुलाबी जाळी आणि पुढच्या काचेवर चमकीनं लिहिलेलं 'शुभविवाह'.

लग्न माझ्या भाचीचं. ताई बडोद्याला दांडिया बाजारात दिलेली, नवरा मुलगा ग्वाल्हेरचा आणि मुलीचा मामा, म्हणजे मी, इंदूरचा. एका मांडवात गायकवाड, शिंदे आणि होळकर अशी तिन्ही संस्थानं. हे तिघे एकत्र जमले की काय होतं, ते १७६१ साली पानिपतावर साऱ्या हिंदुस्थानानं पाहिलेलं आहे.

माझं इंदूरला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. त्यामुळे लग्नकार्यात मला दोनच कामं मिळतात. मुलगी माझ्या भाच्यांपैकी असेल तर मामा म्हणून उभं राहणं, आणि कुणाचीही असली तरी वीज गेल्यावर धावणं. ताईनं या वेळी दोन्ही एकत्र करून टाकलं. "वरपक्षाच्या बायकांना कार्टमधून तूच घेऊन ये. आजी बरोबर आहेत, मानपान सांभाळ. आणि तुला बॅटरीचं कळतं." या शेवटच्या वाक्याला तेव्हा काही अर्थ नव्हता.

मुहूर्त १२ वाजून ७ मिनिटांचा. साडेअकराच्या सुमारास आम्ही फाटकातून निघालो. पुढच्या बाकावर ड्रायव्हर पोरगा आणि शेजारी नवऱ्या मुलाच्या आजी. मधल्या बाकावर मुलाची काकू आणि आत्या. मागच्या, उलट्या तोंडाच्या बाकावर फळांच्या करंड्या आणि मी. कारंज्यापाशी कार्टनं एक उसासा टाकला आणि ती थांबली.

पोरानं पॅडल दाबलं. काही नाही. किल्ली फिरवून पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. मग त्यानं समोरच्या मीटरकडे बोट दाखवलं. सगळ्या हिरव्या रेघा पेटलेल्या होत्या.

"काका, चार्जिंग तो फुल छे."

हे वाक्य मी माझ्या दुकानात रोज ऐकतो. मीटरला आकडा दाखवायला करंट असा लागतच नाही. गाडी जागची हलवायला मात्र शंभराच्या वर अँपिअर लागतात. इथे साधा जोडणीचा प्रश्न असतो. मी खाली उतरलो, पोराला पॅडल दाबायला लावलं आणि कान बाकाजवळ नेला. आतून 'टक्' असा आवाज आला. म्हणजे मोटरला करंट सोडणारा विजेचा स्विच, सोलेनॉइड, ओढतोय, किल्ली ठीक, पॅडलचा स्विच ठीक. पुढे करंट जायची वेळ आली की कुठेतरी माती खातोय. दहा वेळा दहा ठिकाणी पाहिलेला रोग. बॅटरीचं एखादं टर्मिनल, म्हणजे तार जोडायचं टोक, सैल झालेलं किंवा सडलेलं असणार. पाना मिळाला तर पाच मिनिटांचं काम.

फक्त बॅटऱ्या पुढच्या बाकाखाली होत्या. आणि पुढच्या बाकावर आजी होत्या.

"आजी, जरा आपल्याला त्रास देतो..."

"नको देऊ," आजी म्हणाल्या. "गुडघे बसले की उठत नाहीत. मला थेट मांडवाशी उतरवायचं ठरलंय."

ठरलं होतं हे खरंच. वधूपक्षाच्या माणसानं वरपक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ बाईला वाटेत, कारंज्यापाशी, गवतात उतरवायचं म्हणजे पुढची तीस वर्षं भाचीनं ते ऐकायचं. मी वरमाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सासूबाईंना मी आजवर काही सांगितलेलं नाही, आजच्या दिवशी कशाला सुरुवात करू? मुलाच्या वडिलांना लावला तर ते मांडवात सोवळं नेसत होते. त्यांनी निरोप दिला की आईला जे योग्य वाटेल ते करा.

तोवर धक्का मारा पक्ष जमला होता. लग्नात बंद पडलेल्या वाहनाभोवती पुरुष जमतात ते कुठून येतात हे मला कधी उमगलेलं नाही. बॅंडमधला एक तुतारीवाला, दोन चुलत जावई आणि एक कॅमेरावाला. सगळ्यांनी मिळून ढकललं. कार्ट वीतभर सरकली, कण्हली आणि अडून बसली.

"ब्रेक लागलाय," एक जावई म्हणाले.

ब्रेक लागलेला नव्हता. बऱ्याच कार्टना अशी सोय असते की पॅडल न दाबता चाकं फिरू लागली तर मोटरच त्यांना अडवते, म्हणजे उतारावर सोडलेली गाडी पळून जात नाही. ढकलायची असेल तर आधी एक खटका 'रन'वरून 'टो'वर करावा लागतो. तो खटका कुठे असतो? बाकाखाली. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा ढकललं.

काकूंनी मला विचारलं, "बाकाखाली एवढं आहे तरी काय हो?" मी खरं तेच सांगितलं, की शिशाच्या बॅटऱ्या आणि त्यांत पाणी घातलेलं गंधकाचं तेजाब. काकू आणि आत्या शालू सावरत अशा उतरल्या की एक करंडी कलंडली. आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "तेजाब ना? खालीच असेल ना? मग असू दे."

मग त्यांनी गाडीकडे एकदा तुच्छतेनं पाहिलं. "आमच्या ग्वाल्हेरला जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरते. पाहिलीय का? ब्रँडी, सिगार सगळं पाहुण्यांपुढे नेते. डब्यातली बाटली उचलली की थांबते, ठेवली की चालू लागते. ही कुणी काही न उचलताच थांबली."

हे ऐकायला ताईचे चुलत सासरे अण्णा नेमके त्या क्षणी पोचले. बडोद्यावर कुणी काही बोललं की अण्णांची छाती आपोआप पुढे येते. "आजीबाई, ते टेबलावरचं खेळणं. आमच्या खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई ते मियागाम खरी नॅरोगेज आगगाडी सुरू केली. देशातली पहिली! आणि तिला ओढायला काय होतं? बैल! इंजिन नंतर आलं. बैल काही डिस्चार्ज होत नाहीत."

"मग आणा बैल," आजी म्हणाल्या.

वाद रंगात आला. आजींनी दरबार हॉलची झुंबरं काढली. ती टांगण्याआधी छताचा दम पाहायला वर हत्ती चढवले होते, हे सांगितलं. अण्णांनी सयाजीरावांची सक्तीची प्राथमिक शाळा काढली. मला घाई होती, हातात पाना नव्हता, पण कानावर हे पडत असताना गप्प बसणं इंदूरच्या माणसाला शक्य नाही. मी म्हणालो, "आमच्या तुकोजीराव महाराजांनी तर इंदूरच्या रेल्वेसाठी इंग्रजांनाच एक कोटीचं कर्ज दिलं, १८७० साली. साडेचार टक्के व्याज, १०१ वर्षांची मुदत." क्षणभर दोन्ही संस्थानं गप्प झाली. मग आजी म्हणाल्या, "वसूल झालं का?" आणि अण्णांनी त्यांना पहिल्यांदाच टाळी दिली.

पाऊण तास उरला नव्हता, पाव तास उरला होता. सुटका केली ती त्या ड्रायव्हर पोरानं. आमचा तह चालू असताना तो पळत मांडवाकडे गेला आणि चार वाढप्यांच्या खांद्यावर नवरा-नवरीच्या स्वागत समारंभाची सिंहासनी खुर्ची घेऊन आला. लाल मखमल, सोनेरी सिंहांचे हात, पाठीवर हातभर मोराचा मुकुट. आजींनी तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला, "धर रे." गुडघे उठले. कारंज्यापुढे, हिरवळीच्या मधोमध आजी सिंहासनावर बसल्या, आणि कॅमेरावाल्यानं ढकलणं सोडून भराभर फोटो काढायला सुरुवात केली.

मी बाक उलटा केला. आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, झाले अठ्ठेचाळीस. वर बोटभर धूळ, एका झाकणापाशी कुणीतरी ठेवलेली मावा-मसाल्याची पुडी. हात न लावता नुसता वरून फिरवला. चौथ्या बॅटरीच्या एका टर्मिनलवर ऊब लागली. तेच. तारेच्या टोकाच्या लगवर पांढरट-हिरव्या बुरशीचा गोळा, नट बोटानं फिरेल इतका सैल. खराब जोडावर करंट अडला की तिथेच तापतो. मीटरबिटर नसला तरी हात सांगतो.

पाना जनरेटरवाल्याकडे मिळाला, तेरा नंबरचा. त्याच्याकडूनच काळी टेप घेऊन पान्याचा दांडा गुंडाळला. उघडा पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर ठिणगी काय, लोखंड वितळतं. त्याच कारणानं घड्याळ आणि बोटातली सोन्याची अंगठी काढली. जवळ विश्वासाचं माणूस एकच, सिंहासनावर बसलेलं. "आजी, एवढं सांभाळा." आजींनी घड्याळ मांडीवर ठेवलं, अंगठी बोटात घातली.

बुरशीला खाण्याचा सोडा हवा होता. स्वयंपाकाचे महाराज तो देईनात. खमणचा घाणा लावायचा होता आणि सोडा मोजून आणलेला. मी त्यांना तेजाबाचं रसायनशास्त्र सांगितलं, त्यांनी मला खमणचं. शेवटी अण्णा ओरडले की लग्नच लागलं नाही तर खमण कोण खाणार, तेव्हा वाटीभर मिळाला. सोडा पाण्यात कालवून ओतला, फसफसून बुरशी उतरली, झाकणांच्या आत एक थेंब जाऊ दिला नाही. कापडानं पुसलं, नट आवळला. चहाला आधण येईल एवढ्या वेळाचं काम. बाक खाली, पॅडल दाबलं. 'टक्', आणि गाडी निघाली. इतकी झटक्यात निघाली की आजी सिंहासनावरच राहिल्या आणि मागे घेताना तिनं पीं पीं करून सगळं मैदान गोळा केलं.

त्याच वेळी मांडवातून गुरुजींचा माइक घुमला : "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं... मुलीचे मामा..." काकू-आत्यांनी आता तेजाबावर बसायची अजिबात कुरकुर केली नाही. मी एका हातात पाना, दुसऱ्या हातात कलंडलेली करंडी घेऊन मागे लटकलो. मांडवात शिरलो तेव्हा बोटं सोड्यानं पांढरी होती. भाचीनं पाहिलं आणि कानात विचारलं, "मामा, विभूती?" अंतरपाट धरला गेला होता. मुहूर्त साधला.

दुपारी कार्टचा कंत्राटदार उगवला. गाडी चालू पाहून खूश झाला आणि म्हणाला, दुसरी पण फाटकाशी उभी आहे, काकांनी जरा पाहून दिली तर बरं. मी पानात पुरणपोळी असल्याचं दाखवलं.

आणि संध्याकाळी, आहेर-मानपानाच्या वेळी, आजी दोन्ही पक्षांसमोर बोलायला उभ्या राहिल्या. गुडघ्यांवर स्वतः. "मुलीचे मामा इंदूरचे. वाटेत अडचण आली, पण माणूस मोठ्या मनाचा. मला सिंहासनावर बसवलं आणि स्वतःच्या बोटातली अंगठी काढून दिली. असे व्याही भाग्यानं मिळतात." टाळ्या झाल्या. घड्याळ मात्र त्यांनी प्रामाणिकपणे परत केलं, ते पुरुषाचं होतं.

हिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. अंगठी सासऱ्यांनी दिलेली. परतीच्या वाटेवर गोध्रा गेलं, दाहोद आलं, तरी ही एक शब्द बोलली नाही. मग ताईचा फोन आला, स्पीकरवर. आजी फार खूश आहेत, म्हणाली, फक्त अंगठी जरा सैल होते, सोनाराकडून लहान करून घेऊ का म्हणून विचारतायत.

"कापू नका म्हणावं," ही पहिल्यांदा बोलली. "दोरा गुंडाळा. दोरा मी पाठवते."