खुलासा: कमोडोर १५४१ ड्राइव्ह खडखडला म्हणजे मेला नव्हे

‘कमोडोर १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह खडखडला की हेड गेलं, सुटे भाग काढून घ्या’ हा जुन्या कमोडोर ६४ संगणकाच्या ड्राइव्हबद्दल फिरणारा मेसेज मूळ माझाच. तो चुकीचा आहे. (हेड म्हणजे डिस्क वाचणारा-लिहिणारा भाग.)

या ड्राइव्हला शून्य ट्रॅक (डिस्कवरचा सुरुवातीचा, सर्वात बाहेरचा पट्टा) ओळखणारा सेन्सरच नाही, त्यामुळे हेड कुठे आहे हे त्याला कळत नाही. म्हणून फॉरमॅट करताना, किंवा वाचताना चूक आली की, तो हेड मागे अडसरापर्यंत ढकलतो. तोच तो टर्रर्र आवाज. काल झाकण उघडून फॉरमॅट दिलं, तेव्हा हेड अडसरावर आपटताना डोळ्यांनी पाहिलं. (आधीच पाहायला हवं होतं!) आपटून आपटून हेडची जागा सरकू शकते, पण ती पुन्हा जुळवता येते. त्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने अलगद पुसून बघा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.