'पट्टे वगैरे काही नसतात' म्हणणाऱ्या वाचकास

आपली प्रतिक्रिया सावकाश वाचली. इतरांनी पाहिली नसेल म्हणून सार देतो. यकृत खंडिका नावाच्या बारीक एककांचं बनलेलं असतं; रक्त खंडिकेच्या कडेच्या पोर्टल शिरेकडून आत येतं आणि मधोमधच्या मध्यवर्ती शिरेतून बाहेर जातं. या खंडिकेत यकृताच्या पेशी कामं कशी वाटून घेतात, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: 'यकृतात पट्टे वगैरे काही नसतात, सलग उतार असतो. एवढं तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं.' पट्टे म्हणजे ठरावीक कामाच्या पेशींचे वेगवेगळे थर, उतार म्हणजे कडेपासून मध्यापर्यंत काम हळूहळू बदलत जाणं. त्यापुढे किरकोळीत तीन तक्रारी. आकृतीतला खंडिकेचा षटकोन खोटा, पुरावे सगळे उंदरांचे, आणि आजारात ही वाटणी मोडते त्यावर लेखात अवाक्षर नाही.

षटकोनाचं मान्य. खंडिकेभोवती संयोजी ऊतींची ठसठशीत भिंत डुकराच्या यकृतात असते. माणसाच्या यकृतात कडा अंदाजानेच धरावी लागते. आकृतीखाली तशी ओळ टाकली आहे. आभार.

आता तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. त्याला मध्ये आणायची काय गरज होती? उताराचा मुद्दा त्याच्याशिवायही मांडता आला असता. मांडला असतात तर हे उत्तर चार ओळींत आटोपलं असतं आणि मीही माझ्या कामाला लागलो असतो. पण समोरच्याला काही कळत नाही असं धरूनच बोलायचं, ही एक सवय असते. काही वर्षं कुठेतरी शिकवलं की ती लागते, असा माझा अनुभव आहे. आपल्याबद्दल म्हणत नाही.

तर सांगतो. उमेदीची सगळी वर्षं मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काढली. यकृताचे तुकडे पॅराफिनमध्ये बसवायचे, मायक्रोटोमवर कापायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर जाण्याआधी रंग नीट बसलाय का ते स्वतः पाहायचं, हे माझं काम. भिंतीवर टांगावी अशी पदवी माझ्याकडे नाही. स्लाइड मात्र पाहिल्यात, आणि पुस्तकातल्या नव्हेत.

अमोनियापासून ग्लुटामिन बनवणाऱ्या ग्लुटामिन सिंथेटेज या एन्झाइमसाठी रंगवलेली स्लाइड आपण कधी पाहिली आहे का? प्रतिपिंडं लावली की हे एन्झाइम असलेल्या पेशी तपकिरी होतात. बाकीच्यांची फक्त केंद्रकं निळी दिसतात. निरोगी यकृतात मध्यवर्ती शिरेभोवती तपकिरी कडं उमटतं, एक-दोन, फार तर तीन पेशींच्या जाडीचं. त्याला खेटून बसलेली पुढची पेशी स्वच्छ. उतार असता तर मधे फिकट तपकिरी पेशींची रांग दिसायला हवी होती. ती नसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं रंगच कमी पडला, म्हणून दुसरा काप काढला. तोही तसाच.

हे कडं तिथे का आहे, तेही लेखात होतं. पोर्टल शिरेकडच्या पेशी अमोनियाचा युरिया करतात. त्यांचा उरक मोठा, पण अमोनिया विरळ झाला की त्यांच्या हातून तो निसटतो. निसटलेला अमोनिया या शेवटच्या कड्यातल्या पेशी ग्लुटामिनमध्ये बांधून टाकतात. त्यांचा उरक थोडा, पकड पक्की. गेभार्ट आणि मेके यांनी हे कडं 1983 साली दाखवलं. त्याच वर्षी हॉयसिंगर यांनी शरीराबाहेर काढलेल्या यकृतातून द्राव एकदा सुलट आणि एकदा उलट दिशेने वाहवला. उलट वाहवल्यावर थोडासा अमोनिया आधी ग्लुटामिनच झाला, कारण तो आधी त्याच पेशींना भेटला. मध्यवर्ती शिरेच्या अस्तरपेशी शेजारच्या पेशींसाठी विंट नावाचे रासायनिक संकेत सोडतात, त्यावर हे कडं टिकतं. 2006 साली उंदरांच्या यकृतातलं एपीसी जनुक काढून टाकलं, तेव्हा या संकेताचा लगाम सुटला आणि हे एन्झाइम खंडिकाभर पसरलं. लगाम सुटल्यावरच जे पसरतं, त्याला एरवी हद्द होती असंच म्हणायचं ना?

आणि उतार मी नाकारला कुठे? ऑक्सिजनचा दाब पोर्टलच्या बाजूला साधारण 60 ते 65 मिमी पारा आणि मध्यवर्ती शिरेपाशी 30 ते 35, हा आकडा माझ्याच लेखातला. नवं ग्लुकोज बनवणारी एन्झाइमं उपाशीपोटी पोर्टलच्या बाजूने आत सरकतात, हेही माझ्याच लेखातलं. माझं म्हणणं एवढंच की काही कामं उतारावर चालतात आणि काहींना कडक हद्द असते. 2017 साली इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या गटाने उंदराच्या खंडिकेचे नऊ थर पाडून जनुकं मोजली. यकृतात चालू असलेल्यांपैकी जवळपास निम्मी जागेनुसार बदलणारी निघाली. त्यातली काही, उदाहरणार्थ लोहाचं नियमन करणाऱ्या हेप्सिडिनचं जनुक, मधल्या थरांत सर्वाधिक. हा कुठला उतार, जो मधेच चढतो? तुमच्या त्या विद्यार्थ्याला विचारून सांगा.

उंदरांबद्दल फार लिहीत नाही. पॅरासिटामॉल अति झालेल्या माणसाच्या यकृताचा काप बघा. मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशी मेलेल्या आणि पोर्टलकडच्या बऱ्याचदा शाबूत. औषधाचं विष करणारं सीवायपी2ई1 हे एन्झाइम तिथेच जास्त असतं आणि ते विष निकामी करणारं ग्लुटाथायोन तिथे कमी. हे रुग्ण उंदीर नव्हते.

राहिला आजार. सिरॉसिसमध्ये व्रणऊती माजतात, रक्ताच्या वाटा बदलतात आणि मूळची वाटणी विस्कटते, हे खरंच आहे. पण लेखाचं नाव 'निरोगी यकृतातली कामाची वाटणी' होतं. पहिला शब्द वाचायचा राहिला असावा. त्यावर कधी लिहायचं आणि लिहायचं की नाही, ते माझं मी बघेन.

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर त्या तपकिरी कड्याबद्दल लिहा. माझ्या शिक्षणाची चौकशी आली तर उत्तर मिळणार नाही.