ती सिरीज थ्री नव्हेच! (एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर)

नमस्कार. प्रतिक्रियेखाली नाव लिहिलेलं नाहीत, तेव्हा नुसतं 'तुम्ही' म्हणतो. राग नसावा.

मागच्या लेखात मी लंडनच्या रस्त्यांवर चित्रित झालेल्या एका कृष्णधवल ब्रिटिश चित्रपटात मागे दिसणाऱ्या गाड्या ओळखायचा खटाटोप केला होता. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बसथांब्यामागची गाडी मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री नाही, सिरीज टू आहे. जिला मी नुसतं 'फरीना' (एकाच आकाराच्या अनेक गाड्यांचं सामाईक नाव) म्हणून सोडून दिलं ती सरळसरळ ऑस्टिन केंब्रिज आहे. एकाही नंबर प्लेटच्या शेवटी अक्षर नाही, म्हणजे चित्रीकरण १९६३ च्या आधीचं. इतकं साधं असताना मी पाल्हाळ लावलं. आणि शेवटी, "नट जीव तोडून अभिनय करतोय आणि तुम्ही बंपर बघताय."

पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. काल रात्री तो प्रसंग पुन्हा लावला आणि अडवत अडवत पुढे नेला. बाबागाडी ढकलणारी बाई त्या गाडीवरून सरकते, तेव्हा डोळ्याचं पातं लवेपर्यंत मागचं मडगार्ड मोकळं होतं. गोल, गुळगुळीत. ऑक्टोबर १९५६ मध्ये सिरीज थ्री आली तेव्हा मागच्या मडगार्डांना माशासारखे बारीकसे पर आले आणि बॉनेटवर लांब पन्हळी आल्या. इथे दोन्ही नाहीत. म्हणजे १९५४ ची सिरीज टूच.

मग मला ती थ्री का वाटली? आपली अँबॅसिडर सिरीज थ्रीवरून आली. साताऱ्याच्या मामाकडे होती. पुढच्या सलग सीटवर आम्ही दोघं भावंडं दाटीवाटीने बसायचो, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि घाट चढताना काचेपलीकडे बॉनेटच्या त्या पन्हळी रस्त्याच्या आधी दिसायच्या. तो गोलसर आकार दिसला की पन्हळी माझे डोळेच काढून मोकळे होतात. सिरीज टूचा देशी अवतार म्हणजे लँडमास्टर, आणि ती आमच्या नात्यागोत्यात कुणाकडेच नव्हती. तुमच्याकडे असावी असा माझा दाट संशय आहे!

फरीनाच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ मध्ये एकत्र आले आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली, पण दोघांचे विक्रेते वेगळेच राहिले आणि प्रत्येकाला आपल्या नावाची गाडी हवी होती. गाड्यांचे आकार आखणाऱ्या इटलीच्या पिनिन फरीनाकडून एकच आकार घेतला आणि डिसेंबर १९५८ ते एप्रिल १९५९ एवढ्या अवधीत त्याला पाच नावं लावून गाड्या बाजारात आणल्या: वूल्झली, ऑस्टिन, एमजी, मॉरिस, रायली. इंजिन तेच, १४८९ सीसीचं. ओळखायचं ते मुख्यतः समोरच्या जाळीवरून. वूल्झली तर रात्रीच्या दृश्यातही सापडते, कारण दिवे लावले की जाळीवरचं तिचं बिल्ला-चिन्हही उजळतं. पण आपल्या फ्रेममध्ये त्या गाडीचं नाक दूधवाल्याच्या गाडीआड आहे आणि शेपूट फ्रेमबाहेर. उरतात दोन दारं आणि छप्पर. तेवढ्यावरून ऑस्टिन म्हणायचं तर जुळ्यांपैकी कोण ते पाठीवरून सांगण्यासारखं आहे. ऑस्टिन असेलही, पण त्या चित्रावरून ते ठरत नाही.

आता नंबर प्लेट. शेवटी वर्षाचं अक्षर लावायची पद्धत १९६३ मध्ये सुरू झाली हे बरोबर, पण ती एका दिवसात देशभर झाली नाही. मिडलसेक्सने आधी सुरुवात केली, बाकीच्या काउंट्या आपापल्या सवडीने आल्या आणि १९६५ पासून ती सगळीकडे सक्तीची झाली. त्यामुळे १९६४ ची कोरी गाडीही अक्षराशिवाय असू शकते. शिवाय जुन्या गाडीचा नंबर जुनाच राहतो. अक्षर दिसलं तर पुरावा, न दिसलं तर काहीच नाही.

मी धरून चालतो ती फ्रेममधली सगळ्यात नवी गाडी. डाव्या कोपऱ्यात फोर्ड अँग्लिया आहे, मागची काच उलटी, आतल्या बाजूला कललेली. हा आकार १९५९ च्या शरद ऋतूत आला, त्यामुळे चित्रीकरण त्याच्या आधीचं असणं शक्य नाही. वरची मर्यादा गाड्या सांगत नाहीत, म्हणून मी ती लिहिली नाही. यालाच तुम्ही पाल्हाळ म्हणालात.

आणि हो, टॅक्सीच्या मागच्या काचेतून दिसणारी हिलमन मिंक्स गाडी तुम्ही पुराव्यात धरलीत, ती कृपा करून वगळा. तो प्रसंग स्टुडिओतला आहे. अर्धी कापलेली टॅक्सी, तिच्यात नट आणि मागे पडद्यावर आधीच चित्रित केलेला रस्ता. ड्रायव्हर चाक वळवतो तेव्हा मागची दुकानं सरळच जात राहतात, बघा. तो रस्ता कधीचा, कुणी टिपलेला, याचा गोष्टीशी संबंध असेलच असं नाही.

राहिला अभिनय. पहिल्यांदा बघताना मी नटाकडेच बघतो हो, बाबागाडीवाली बाई मला तिसऱ्या खेपेला दिसली. पण नटाने कुठे उभं राहायचं ते दिग्दर्शकाने ठरवलेलं असतं. त्या सकाळी फुटपाथला गाडी लावून कोण कुठे गेलं होतं, ते कुणीच ठरवलेलं नव्हतं. मला ते बघायला आवडतं, एवढंच.

मूळ लेखात 'सिरीज थ्री' वर आडवी रेघ मारून पुढे 'टू' लिहिलं आहे. जुना शब्द पुसलेला नाही, नाहीतर तुमची प्रतिक्रिया कशावर आहे ते नव्या वाचकाला कळायचं नाही. फरीना मात्र फरीनाच ठेवली आहे.