पालापाचोळा झाडून टाकू नका, रोपाच्या आळ्यात घाला

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना फिरू लागते. तिचं सार असं: नव्या रोपाभोवती पालापाचोळा ठेवू नका, त्यात डास होतात आणि वाळवी लागते, मुंबईत एवढा पाऊस पडतो की आच्छादनाची गरजच नाही, बुंध्याशी मातीचा उंच ढीग करा, खोड काठीला करकचून बांधा, पिंजरा लावा की झालं. पाठवणाऱ्यांना झाडं जगावीत असंच वाटतं, पण या सूचनेनं रोपं मरतात.

आधी पावसाचं बघू. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे खरं. पण नंतर काय? ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की पुढच्या जूनपर्यंत पाऊस जवळजवळ नाहीच. जुलैत लावलेल्या ताम्हणाची किंवा बहाव्याची मुळं तोवर पिशवीतल्या मातीच्या गोळ्याबाहेर फारशी गेलेली नसतात. वरची वीतभर माती सुकली की त्या रोपाचं पाणी संपलं. त्यातून सोसायटीच्या आवारात खणलं की बहुतेक वेळा मुरूम, भराव आणि बांधकामाचा राडारोडाच लागतो. तिथे ओल टिकणार कशी? भर पावसातही उघड्या मातीचं नुकसानच होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असलं पाणी मुरत नाही, वाहून जातं. थेंबांच्या माऱ्यानं मातीचा वरचा थर थापल्यासारखा घट्ट होतो, पाणी गटाराकडे धावतं आणि जाताना माती घेऊन जातं. पाल्याचा थर हा मारा झेलतो, पुढे मार्च-एप्रिलमध्ये माती थंड ठेवतो, बाष्पीभवन कमी करतो आणि तणही दाबतो.

डासांची भीती अनाठायी नाही, पण तिचा रोख चुकला आहे. डेंग्यूच्या डासाला साचलेलं पाणी लागतं. त्याच्या अळ्या पाण्यातच वाढतात आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडाभर लागतो. मोकळ्या पाल्यातून पाणी खाली झिरपतं, तिथे अळी जगणार नाही. खरा धोका आहे तो काही जण हौसेनं आळ्यात मांडतात त्या शहाळ्यांच्या करवंट्यांचा. तोंड वर करून ठेवलेल्या करवंटीत पाणी साचतंच. शहाळी वापरायचीच तर बारीक तोडून वापरा. रोपाखालची कुंडीची ताटली, पिंजऱ्यात अडकलेला प्लास्टिकचा कप हेही बघा.

वाळवीचं मुख्य खाणं मेलेलं लाकूड. जिवंत रोपावर ती जाते तेव्हा ते रोप बऱ्याचदा आधीच तहानेनं खंगलेलं असतं. मात्र ओला पाला खोडाला चिकटून राहिला तर साल कुजते, हे सूचनेच्या बाजूनं मान्य करायला हवं. म्हणून बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची आणि त्याबाहेर दोन ते चार इंच जाडीचा थर द्यायचा. पाणी तुंबतं अशा जागी जुलै-ऑगस्टमध्ये थर पातळच ठेवावा.

मातीच्या ढिगाचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. खोड जिथे रुंद होऊन मुळांकडे वळतं, तो भाग हवेत राहायला हवा. तो गाडला की साल सतत ओली राहून कुजते, खालच्या मुळांना हवा कमी पडते आणि वरून पानं पिवळी दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

काठीला बांधणंही तसंच. खोड वाऱ्यावर थोडं हललं तर जाड आणि मजबूत होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा किंवा सुती चिंधीचा सैल इंग्रजी आठचा वेढा द्या, तार नको, आणि वर्षभरानं सोडा. पिंजरा गुरं-शेळ्यांपासून आणि गाड्यांच्या धक्क्यांपासून वाचवतो, पण तो वेळेवर काढला नाही तर वाढत्या खोडात रुततो. रस्त्याकडेला अशी झाडं कुणीही पाहू शकतं.

आच्छादनाला पैसे लागत नाहीत. आवारातला सुका पाला, नारळाच्या सोडणाचे तुकडे, रसवंतीवरची वाळवलेली चिपाडं, काहीही चालतं. फक्त ताजा लाकडी भुसा मातीत मिसळू नका, तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो. पाऊस ओसरताच, माती ओली असतानाच थर वाढवा. माती कोरडी पडली असेल तर आधी भरपूर पाणी द्या. आणि झाडलोट करणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर सकाळी घातलेला पाला दुपारी कचऱ्याच्या गाडीत जातो.