ठरावाखाली तिचं नाव हवं

अल्पसंख्याक महिलांचं नेतृत्व प्रशिक्षण संपलं की फोटो येतात. बॅनरसमोर उभ्या पंचवीस बायका, प्रत्येकीच्या हातात प्रमाणपत्र, मधोमध पाहुणे. हे फोटो मी मनापासून बघते, कारण त्यातल्या कित्येक जणींचं नाव अशा कागदावर पहिल्यांदाच छापलेलं असतं. पण मला पुढचं विचारायचं आहे. त्या पंचवीस जणींपैकी नंतरच्या ग्रामसभेत कोण उठून बोललं? कुठल्या ठरावाखाली सूचक म्हणून कुणाचं नाव लागलं? अनुमोदक तरी?

मी दापोली-मंडणगडच्या खाडीपट्ट्यात बचत गटांचं काम करते. कोकणी मुसलमान घरातली आहे, शिकले मराठी शाळेत. आमच्या भागात अल्पसंख्याक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त मोहल्ला येतो. पण केंद्राच्या यादीत मुसलमानांसोबत ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आहेत आणि २०१४ पासून जैनही आहेत. म्हणजे आमच्या तालुक्यांतली बौद्धवाडीही त्यात येते आणि खाली वेंगुर्ला-सावंतवाडीकडची ख्रिश्चन घरंही येतात. एकाच योजनेच्या छत्रीखाली किती वेगवेगळ्या बायका उभ्या आहेत, हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

अल्पसंख्याक कार्य मंत्रालय २००६ मध्ये सुरू झालं आणि त्याचे पहिले मंत्री होते आपल्याच रायगडचे, आंबेतचे बॅरिस्टर अंतुले. त्याच मंत्रालयाने २०१२-१३ पासून ‘नई रोशनी’ नावाची योजना आणली, खास अल्पसंख्याक महिलांच्या नेतृत्वविकासासाठी. पंचवीस बायकांची तुकडी, गावात घेतलं तर सहा दिवसांचं आणि निवासी असेल तर पाच दिवसांचं प्रशिक्षण. विषय चांगले होते: आरोग्य, स्वच्छता, बँक व्यवहार, कायदेशीर हक्क, सरकारी योजना. तुकडीत पाव हिस्सा बिगर-अल्पसंख्याक बायकाही घेता यायच्या, ही मला फार शहाणपणाची तरतूद वाटते. मोहल्ल्यातली, बौद्धवाडीतली आणि कुणबीवाडीतली बाई एका सतरंजीवर बसली की गावाचा अर्धा अबोला तिथेच सुटतो. पुढे ही योजना ‘पीएम विकास’मध्ये इतर योजनांबरोबर एकत्र केली गेली. नाव बदललं तरी मुद्दा तोच आहे.

त्या योजनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट सहा दिवसांचा वर्ग नव्हतीच. वर्गानंतर वर्षभर त्या बायकांच्या सोबत राहायचं, त्यांना कचेऱ्यांपर्यंत न्यायचं, अर्ज करायला मदत करायची, हे कागदावर लिहिलेलं होतं. ज्याने ते लिहिलं त्याला गाव माहीत होतं. आणि मी पाहिलेल्या प्रशिक्षणांत नेमकं तेवढंच गळालेलं होतं. वर्ग झाला, चहा-नाश्ता झाला, हजेरीपटावर सह्या झाल्या, संस्था पुढच्या तालुक्यात गेली. सगळ्याच संस्था अशा नसतात, जीव ओतून काम करणारे लोकही मला भेटले आहेत. पण वर्ग मोजता येतो, सोबत मोजता येत नाही, म्हणून पैसा आणि लक्ष दोन्ही वर्गाकडे जातं.

शहरातून येणारे प्रशिक्षक बऱ्याचदा एकाच वाक्याने सुरुवात करतात: ‘घराबाहेर पडा, निर्णय घ्यायला शिका.’ मला त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण समोर बसलेली बाई कोण आहे? तिचा नवरा कुवेतला नाहीतर कतारला, वर्षा-दोन वर्षांतून एकदा घरी. आलेल्या पैशातून घराचा स्लॅब तिने घालून घेतलाय. गवंड्याशी हिशेब तिने केलाय, चिऱ्याचा भाव तिने ठरवलाय, सासऱ्यांना रात्री दवाखान्यात तिने नेलंय, मुलीचं कॉलेज तिने निवडलंय. बौद्धवाडीत आणि कुणबीवाडीतही हीच तऱ्हा, फक्त नवरा आखातात नाही तर मुंबईत. निम्मं कोकण वर्षानुवर्षं बायकांनीच चालवलंय. निर्णय घ्यायचं तिला कुणी शिकवायची गरज नाही. तिच्याकडे नाही ती गोष्ट वेगळी आहे. घराची घरपट्टी नवऱ्याच्या नावाची, सातबारा सासऱ्यांच्या नावाचा, आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कुठलं काम कसं घुसवायचं हे फक्त चार पुरुषांना ठाऊक. तिला कारभाराची रीत हवी आहे, धीर तिच्याकडे पुरेसा आहे.

आणि रीत म्हणजे काय, तर लिहिण्यापासून सुरुवात. रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतल्या कित्येक मुली जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकतात. हुशार असतात, हिशेबाला पक्क्या असतात, घरात बोलतात ती आमची कोकणी बोली, मराठीच्या अगदी शेजारची. पण ग्रामपंचायतीची नोटीस, तहसील कार्यालयाचं पत्र, बँकेचा फॉर्म, सगळं छापील मराठीत. वाचायला वेळ लागतो, आणि चारचौघांत वेळ लागला की बाई गप्प होते. ‘बाजी, सही कुठं करायची तेवढं दाखवा’, हे वाक्य पदवीधर मुलीच्या तोंडून ऐकलं की मला वाईट वाटतं. सहा दिवसांपैकी दोन दिवस नुसते मराठी अर्ज लिहिण्यात घालवले तरी चालेल असं माझं मत आहे. विषय, संदर्भ, मागणी, तारीख, आणि शेवटी पोच. पोच घ्यायला विसरायचं नाही. शिक्का मारलेली पोच हातात असलेल्या बाईशी कचेरीत कसं बोलतात आणि नसलेलीशी कसं, हे कुणीही जाऊन बघावं.

कायद्याच्या तासाबद्दल तर मला जास्तच बोलायचं आहे. एका तुकडीत तीन धर्मांच्या बायका असतात आणि प्रशिक्षक सगळ्यांना एकच पान वाचून दाखवतो. बौद्ध बाईला लग्नाचा आणि वारसाचा हिंदू कायदाच लागू होतो, त्यामुळे २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलांच्या वडिलोपार्जित मिळकतीत तिला भावाइतकाच हिस्सा आहे. ख्रिश्चन बाईचा घटस्फोटाचा कायदा वेगळा, आणि २००१ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत त्यात नवऱ्याला सोपी आणि बायकोला अवघड अशी कारणं होती. मुसलमान बाईसाठी एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला, २०१९ मध्ये त्यावर कायदा झाला, आणि २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की घटस्फोटित मुसलमान बाईही इतर कुठल्याही बाईसारखी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली पोटगी मागू शकते. ही शेवटची गोष्ट आमच्या मोहल्ल्यात किती जणींना माहीत आहे? मी विचारत फिरते, मला उत्तर फार क्वचित मिळतं. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा मात्र सगळ्यांना सारखा लागू आहे, तो आधी सांगावा. आणि हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद, काय असतं ते तर प्रत्येक धर्माच्या बाईला सांगायला हवं. भावाकडचं माहेरपण टिकावं म्हणून ती सही करते. करावी की नाही हा तिचा प्रश्न, पण कशावर सही केली ते तरी तिला कळायला हवं.

आता वेळेचं. आषाढात लावणीला बाया चिखलात उभ्या असताना कुणी नेतृत्वाचा वर्ग लावू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते म्हणून बायका मोकळ्या असतील, असा हिशेब बंदरावरच्या गावांबद्दल कुणी करू नये, तेव्हा घरात पैसा नसतो आणि ती मजुरीच्या मागे असते. रमजानात दुपारनंतर वर्ग नको. मे महिन्यात आखातातली माणसं सुटीवर आलेली, आंबा, लग्नं, पाहुणे. नवरात्र-दिवाळीनंतर ते शिमग्याच्या आधीपर्यंत खरा मोकळा काळ, त्यातून रमजान तेवढा वगळायचा. हे कॅलेंडर कुठल्याही वाडीतली म्हातारी सांगेल. आणि निवासी प्रशिक्षणाचा आग्रह आमच्याकडे धरू नये. पाच रात्री घराबाहेर म्हटलं की ज्या सुनेला यायला हवं तीच गळते आणि जिला परवानगीची गरज नाही तीच येते. त्यापेक्षा शाळेच्या खोलीत, मदरशाच्या पडवीत, बुद्धविहारात, रोज चार तास घ्या. वाड्या एकमेकींपासून लांब, संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकली की चालत जायचं, हे धरूनच वेळ ठरवा.

पण सगळ्यात मोठं शिक्षण ग्रामसभेतच होतं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये बायकांना अर्ध्या जागा आहेत. सदस्य बायका आहेत, सरपंच बायका आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी बोलतो तो नवराच, हे सगळ्यांना दिसतं. याला उपाय म्हणून मला एकच वाट दिसते: खुर्चीत बसलेल्या एकीच्या मागे समोर बसलेल्या तीस जणी जाणत्या हव्यात. आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे की नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची. अनेक गावांत ती कागदावर होते. ग्रामसभेला गणपूर्ती म्हणून शंभर किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, जे कमी असेल तेवढी माणसं लागतात, हे बायकांना कळलं की त्यांना आपली ताकद कळते, कारण पुरुष मुंबईत आणि आखातात, गावात मतदार उरलेत ते बहुतेक त्याच!

खाडीकाठच्या एका गावात मी हे होताना पाहिलं. मोहल्ल्याची विहीर एप्रिलपासून मचूळ होते, भरतीचं पाणी आत झिरपतं. वर्षानुवर्षं बायका वरच्या वाडीतून हंडे आणायच्या आणि दर निवडणुकीत आश्वासन ऐकायच्या. या वेळी गटातल्या बायकांनी आधी महिलासभा खरोखर भरवली. बौद्धवाडीतल्या बायकांनाही बोलावलं, कारण त्यांच्या नळाला पाणी दिवसाआड. दोन्हीकडची मागणी एका अर्जात घातली. मोहल्ल्यातल्या सुनेने तो वाचला, आवाज थरथरत होता, पण वाचला. ग्रामसभेत सूचक ती झाली आणि अनुमोदक बौद्धवाडीतली एक मावशी. दोघींची नावं इतिवृत्तात लागली. काम मंजूर व्हायला मधे बरेच महिने गेले, दोनदा कागद परत आला, आणि दोन्ही वेळा तिच्यासोबत पंचायत समितीत जाणारं कुणीतरी होतं. ते कुणीतरी नसतं तर पहिल्या परतीलाच ती घरी बसली असती. वर्षभराची सोबत म्हणतात ती हीच.

घरातून आणि जमातीतून, म्हणजे मोहल्ल्याचा कारभार बघणाऱ्या मंडळींकडून, विरोध होतो का? होतो. काही जमातींची मंडळी स्वतःहून जागा देतात, काही ठिकाणी वर्गात काय शिकवणार याची चार-चार वेळा चौकशी होते. मला चौकशीचा राग येत नाही. मी सासूला पहिल्या दिवशी बोलावते, इमामसाहेबांना विषयांची यादी दाखवते. पण मागणी कमी करत नाही. बाईने जमातीच्या कारभारातही बोलावं, हे मी उघड म्हणते, आणि म्हणत राहीन.

हा विचार बाहेरून आलाय असं कुणी म्हटलं की मी त्यांना चिपळूणजवळचं मिरजोळी दाखवते. मुसलमान समाजातले सुधारक हमीद दलवाई तिथले. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. दलवाईंच्या मतांशी आमच्याकडे अनेकांचे मतभेद होते, आजही आहेत, माझ्याही घरात आहेत. तरी त्या सात जणी चालल्या हे कुणी पुसू शकत नाही. आणि बौद्धवाडीतल्या पोरींना मी सांगते की रमाई आपल्या दापोलीच्या वणंदच्या, आणि महाड इथून हाकेवर. तिथे डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी बायकांसमोर वेगळं भाषण केलं होतं. समाजाचं काम बायकांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाही, हे त्यांनी तेव्हाच करून दाखवलं.

म्हणून जे लोक आता नवीन योजनेखाली आमच्या भागात वर्ग घ्यायला येणार आहेत, त्यांच्याकडे माझं मागणं साधं आहे. वर्गांची संख्या निम्मी करा आणि वाचलेल्या पैशातून तालुक्यात एक स्थानिक बाई वर्षभर मानधनावर ठेवा, जी बाकीच्यांबरोबर कचेरीत जाईल. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा कायद्यानेच बायकांच्या आहेत, पहिलं पाऊल तिथे टाकू द्या, तिथे बोलायची सवय होते. आणि वर्षाच्या शेवटी अहवालात किती जणींना प्रमाणपत्र दिलं एवढंच लिहू नका. किती जणींनी अर्ज केला, किती जणींकडे पोच आहे, किती ठरावांखाली कुणाकुणाची नावं लागली ते लिहा. इतिवृत्ताची नक्कल जोडा, रीतसर मागितली की मिळते.

दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या ज्या मैत्रिणी हे वाचत असतील त्यांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते ती जाऊन बघा. महिलासभा कधी आहे ते विचारा. तारीख सांगितली नाही तर लेखी विचारा. अर्जाचा नमुना हवा असेल तर खाली लिहा, मी पाठवते.