ब्रँडी चॅस्टेन आणि ‘एका किकची खेळाडू’ हा दावा

पॅसाडेना येथील रोझ बाउल मैदानावर १० जुलै १९९९ रोजी अमेरिकेने चीनला पेनल्टी शूटआऊटमध्ये ५-४ असे हरवून महिला फुटबॉल विश्वचषक जिंकला. निर्णायक पेनल्टी मारून जर्सी उतरवलेल्या आणि गुडघ्यांवर बसलेल्या ब्रँडी चॅस्टेनचे छायाचित्र तेव्हापासून फिरते आहे. त्या छायाचित्राखाली बऱ्याचदा एक मजकूरही असतो. त्याचा आशय असा की, चॅस्टेन ही जेमतेम दर्जाची बचावपटू होती, उपांत्यपूर्व सामन्यात तिने आपल्याच जाळ्यात चेंडू धाडला होता, अंतिम सामन्यातले तिचे काम एका पेनल्टीपुरते होते, जर्सी काढण्याचा प्रकार नायकेने स्पोर्ट्‌स ब्राच्या जाहिरातीसाठी आधीच ठरवून दिला होता, आणि जर्सी काढल्यास पिवळे कार्ड दाखवण्याचा नियमही तिच्यामुळेच आला. यातले स्वयंगोलाचे विधान खरे आहे, पण अर्धेच सांगितलेले. बाकीची विधाने एकेक करून तपासावी लागतील.

जाहिरातीचा आरोप सर्वांत जास्त पसरलेला असल्याने आधी तोच घेतो. चॅस्टेनचा नायकेशी करार होता, अंगातली स्पोर्ट्‌स ब्रा त्याच कंपनीची होती, आणि त्या क्षणाचा फायदा कंपनीने नंतर उठवला, हे कोणी नाकारत नाही. मात्र नंतर फायदा उठवणे वेगळे आणि आधी कट रचणे वेगळे. चॅस्टेनची किक निर्णायक ठरण्यासाठी काय काय घडावे लागले, ते पाहा. चीनची तिसरी पेनल्टी लिऊ यिंगने मारली आणि अमेरिकेची गोलरक्षक ब्रियाना स्करीने ती अडवली. (स्करी त्या वेळी गोलरेषा सोडून पुढे आली होती, ही तक्रार रास्त आहे, पण ती स्करीबद्दलची आहे.) ती पेनल्टी अडली नसती, तर चॅस्टेनच्या गोलने फक्त ५-५ अशी बरोबरी झाली असती आणि शूटआऊट पुढे चालू राहिले असते. उलट चीनच्या झांग ओउयिंग किंवा सुन वेन यांच्यापैकी एकीची जरी पेनल्टी हुकली असती, तरी अमेरिकेच्या ओव्हरबेक, फॉसेट, लिली आणि हॅम यांच्या चार गोलांवरच सामना संपला असता आणि चॅस्टेनला किक मारावीच लागली नसती. हे सारे गृहीत धरून जाहिरातीची तालीम कोणत्या कंपनीने करून घेतली असती?

शिवाय ती किक डाव्या पायाने होती. त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्तुगालमधील अल्गार्वे चषकात चीनविरुद्धच चॅस्टेनने उजव्या पायाने मारलेली पेनल्टी आडव्या खांबावर आदळली होती आणि अमेरिका तो सामना १-२ असा हरली होती. गोलरक्षक गाओ हाँगला तिची सवय ठाऊक झालेली असल्यामुळे रोझ बाउलवर प्रशिक्षकांनी तिला डाव्या पायाने मारायला सांगितले. नव्वद हजारांवर प्रेक्षकांसमोर पाय बदलून पेनल्टी मारायला निघालेली खेळाडू त्या वेळी कपड्यांच्या विक्रीचा हिशेब करत होती, असे मानायचे तर मानणाऱ्यानेच पुरावा द्यायला हवा. चॅस्टेनने स्वतः ती कृती उत्स्फूर्त असल्याचे वारंवार सांगितले आहे.

आता स्वयंगोल. १ जुलै १९९९ रोजी लँडोव्हर येथे जर्मनीविरुद्ध सामना सुरू होऊन पाच मिनिटेही उलटली नसतील, तोच चॅस्टेनने गोलरक्षकाकडे चेंडू मागे दिला. स्करी जागा सोडून पुढे आली आहे हे तिने पाहिलेच नाही, आणि चेंडू घरंगळत रिकाम्या जाळ्यात गेला. चूक ढोबळ होती, यात वाद नाही. फिरणारा मजकूर येथेच थांबतो, सामना मात्र थांबला नव्हता. मध्यंतराला जर्मनी २-१ ने पुढे होती, आणि उत्तरार्ध सुरू होताच कॉर्नरनंतर उडालेल्या गोंधळात जोरदार फटका मारून बरोबरी साधली ती चॅस्टेननेच. पुढे जॉय फॉसेटच्या हेडरने अमेरिकेने ३-२ असा विजय मिळवला.

अंतिम सामन्यात तिचे काम एका पेनल्टीपुरते होते, हे म्हणणाऱ्यांनी आधीची १२० मिनिटे पाहिलेली दिसत नाहीत. चीनने त्याआधीच्या पाच सामन्यांत १९ गोल केले होते. त्यांतले ५ तर उपांत्य फेरीत गतविजेत्या नॉर्वेवर चढवलेले होते, आणि स्पर्धेत ७ गोल करणारी सुन वेन त्यांच्याकडे होती. त्या संघाला फॉसेट, ओव्हरबेक, सोब्रेरो आणि डाव्या बाजूला चॅस्टेन अशा बचावफळीने एकही गोल करू दिला नाही. जादा वेळेत एक हेडर क्रिस्टीन लिलीने गोलरेषेवरून परतवला, तेव्हा नशिबाची साथही होतीच. संपूर्ण स्पर्धेत सहा सामन्यांत अमेरिकेवर फक्त तीन गोल झाले, आणि त्यांतला एक तर चॅस्टेनचाच वर सांगितलेला स्वयंगोल होता. बचावपटूचे काम न झालेल्या गोलांत असते आणि त्याचे छायाचित्र निघत नाही, म्हणून तिचे चाहतेही पेनल्टीच आठवतात. रोझ बाउलबाहेर २०१९ साली उभारलेल्या पुतळ्यातही चॅस्टेन गुडघ्यांवरच आहे.

‘जेमतेम दर्जाची’ या विशेषणाला उत्तर तिच्या कारकिर्दीतच आहे. सॅन होझेत वाढलेली चॅस्टेन मुळात आघाडीपटू होती. १९९१ च्या विश्वचषक पात्रता स्पर्धेत मेक्सिकोविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून तिने सलग पाच गोल केले होते. तत्पूर्वी महाविद्यालयीन काळात गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांनी तिचा खेळ थांबवला होता. १९९३ मध्ये ती जपानच्या लीगमध्ये खेळली, १९९५ च्या विश्वचषकासाठी तिची निवडच झाली नाही, आणि १९९६ मध्ये राष्ट्रीय संघात परतली ती बचावपटू म्हणून. वयाच्या सत्ताविशीत जागा बदलून, तेही जगातल्या सर्वांत बळकट संघात, पक्के स्थान मिळवणे हे माझ्या मते त्या पेनल्टीपेक्षा कठीण काम होते. त्यानंतर १९९६ आणि २००४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके, २००० चे रौप्य, सॅन होझे सायबररेजसोबत २००१ मध्ये महिलांच्या व्यावसायिक लीगचे पहिले विजेतेपद, आणि १९२ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ३० गोल अशी ही वाटचाल आहे.

राहिला पिवळ्या कार्डाचा नियम. जर्सी काढल्यास कार्ड दाखवणे सक्तीचे करणारा बदल २००४ साली, म्हणजे रोझ बाउलच्या पाच वर्षांनंतर लागू झाला. गोल झाल्यावर जर्सी भिरकावण्याची रीत पुरुषांच्या फुटबॉलमध्ये त्याआधीपासून रुळलेली होती, आणि या नियमाचे खापर एकट्या चॅस्टेनवर फोडायला कसलाही आधार नाही.