दारुड्याच्या पोरात 'व्यसनाचा जीन' उतरतोच, हे खरं नाहीये

मागच्या आठवड्यात आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, तुमच्याकडेही फिरत असेल. त्यात म्हटलंय की शास्त्रज्ञांना व्यसनाचा जीन सापडलाय, दारूने मेंदूतले जीन्स कायमचे बदलतात, ते मुलांत उतरतात, म्हणून दारुड्याच्या घरात मुलगी देऊ नका. त्याच दिवशी माझ्या मामेभावाचं जुळत आलेलं स्थळ मोडलं. मामाने दारू सोडून नऊ वर्षं झालीत आणि पोराने आजवर थेंब घेतलेला नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

जीन सापडलाय म्हणे. १९९० साली अमेरिकेत केनेथ ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० मृत माणसांचे मेंदू तपासून सांगितलं होतं की डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संदेश पकडणाऱ्या एका रिसेप्टरच्या जीनचा एक प्रकार दारुड्यांमध्ये जास्त दिसतो, त्याची पेपरांत मोठी बातमी झाली, पण पुढे इतरांनी तपासलं तेव्हा कुठे जुळलं, कुठे नाही जुळलं. २०१९ मध्ये सुमारे १२ लाख लोकांचा डेटा एकत्र केला तर दारू-सिगारेटशी संबंध असलेल्या जागा जीनोममध्ये, म्हणजे आपल्या सगळ्या डीएनएत, ४०० च्या वर निघाल्या, आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी बारीक. जुळ्यांच्या अभ्यासांत अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा येतो हे मान्य, घरात दारू असेल तर धोका वाढतो हेही मान्य. पण धोका वाढणं वेगळं आणि होणारच म्हणणं वेगळं.

आता जीन्स बदलतात वाला मुद्दा, इथे सगळ्यात जास्त घोळ आहे. जीन तोच राहतो, बदलतं ते त्याचं काम, म्हणजे कुठला जीन किती चालू, किती बंद. रिळाला दोरा गुंडाळावा तसा आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो, दोरा सैल असला की तिथला जीन वाचता येतो, घट्ट असला की नाही. नशेने हा दोरा कुठे सैल होतो, कुठे आवळला जातो. मेंदूवर संशोधन करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ एरिक नेस्लर यांच्या लॅबने वर्षानुवर्षं डेल्टा फॉस-बी या प्रोटीनवर काम केलंय. नशा केल्यावर मेंदूच्या आनंदाशी जोडलेल्या भागात बरीच प्रोटीन्स वाढतात आणि काही तासांत निघून जातात, हे मात्र रोजच्या नशेने साचत जातं आणि दुसऱ्या जीन्सना चालू-बंद करत राहतं. नशा थांबली तरी कित्येक आठवडे टिकतं, पण हळूहळू उतरतं.

हे वाचलं तेव्हा मला मामाचे पहिले दोन महिने आठवले. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर संध्याकाळचे सात वाजले की तो घामाघूम व्हायचा, मामी ताकाचा ग्लास हातात द्यायची आणि दोघं गच्चीवर फेऱ्या मारत बसायचे, आठ वाजेपर्यंत, एक शब्द न बोलता. लोक म्हणायचे याच्यात मनाचा जोरच नाही. अहो, तेव्हा मेंदूच अजून जुन्या वळणावर होता!

आणि मुलांत उतरण्याचं म्हणाल तर मेंदूच्या पेशी काही मुलाला मिळत नाहीत. शुक्रपेशींतून जीन चालू-बंद करणाऱ्या काही खुणा जातात का यावर उंदरांत काम झालंय, पण २०१३ च्या एका प्रयोगात कोकेन घेतलेल्या नर उंदरांची नर पिल्लं कोकेनकडे उलट कमी ओढली गेली. फॉरवर्डवाल्याने हे कुठे वाचलंय?

'कायमचे' या शब्दाबद्दल. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांमध्ये हेरॉइन बोकाळलं होतं, ली रॉबिन्स या अमेरिकन संशोधकांनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा माग काढला. जवळपास दर पाचातला एक जण तिथे व्यसनी झालेला, पण घरी आल्यावर त्या व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते साधारण ५ टक्के. जीन्स तेच होते, आजूबाजूचं सगळं बदललं होतं. सगळ्यांना इतकं सोपं जात नाही, मेंदूतल्या काही जोडण्या प्रोटीन उतरल्यावरही राहतात, म्हणून वर्षांनंतरही जुन्या अड्ड्यावरून जाताना माणूस घसरू शकतो. मामा आजही देशीच्या दुकानाचा रस्ता टाळून लांबून घरी येतो.

त्याच फॉरवर्डमध्ये खाली लिहिलंय की तंबाखू-मिश्री साधी सवय, ती चालते. २०११ मध्ये अमेरिकेत एरिक आणि डेनिस कँडेल यांच्या गटाने उंदरांना ७ दिवस पाण्यातून निकोटिन दिलं आणि मग कोकेन, तर वरचं डेल्टा फॉस-बी ज्यापासून बनतं त्या फॉस-बी जीनचं काम नुसत्या कोकेनपेक्षा जास्त वाढलं, कारण निकोटिनने दोरा आधीच सैल करून ठेवला होता. क्रम उलटा केला तर तसं झालं नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण साधी सवय म्हणून हातावर मळून पोरांसमोर खाऊ नका.

मुलीच्या वडिलांचा नंबर माझ्याकडे आहे. हे सगळं त्यांना आज पाठवतोय, आणि सोबत एवढंच विचारतोय की एकदा पोराला समोर बसवून बोलाल का.